यंत्राचा जीर्णोद्धार

गेल्या वैशाखांत काटोलकडे एका संत्र्याच्या बागेंत माझा दोन दिवस मुक्काम होता. यजमान माझे जुने विद्यार्थी. इतिहासाची पदवी घेऊन त्यांनीं शेती पत्करली, आणि पदवीमुळें त्यांच्या शेतीस कांहीं अपाय झाला नाहीं हें पाहून मला समाधान वाटलें. गोठ्यालगतच्या पडवींत त्यांच्या वडिलांनीं घेतलेला बी-२७५ जातीचा ट्रॅक्टर उभा होता. उभा होता म्हणण्यापेक्षां उकलून मांडला होता असें म्हणणें अधिक बरोबर. इंजिनाचें डोकें उतरवून गोणपाटावर ठेवलें होतें, चार पिस्टन डिझेलच्या घमेल्यांत बुडाले होते, आणि घरांत दोन पक्ष पडले होते. मुलाचें म्हणणें, हें धूड भंगारांत घालावें आणि नवा ट्रॅक्टर आणावा. आजीचें म्हणणें, ज्यानें घरच्या दोन मुलींचीं लग्नें केलीं त्याला भंगारांत घालूं नये. यजमान इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळें दोन्ही पक्षांचीं प्रमाणें शांतपणें ऐकून घेत होते.

निकाल द्यावयास नागपुराहून एक वृद्ध मिस्त्री आले होते. त्यांनीं प्रत्येक सिलिंडराच्या आंतून बोट फिरविलें, मग मापयंत्र लावून वर, मध्यें आणि खालीं अशीं तीन मापें घेतलीं, तीं खडूनें इंजिनाच्या अंगावर लिहिलीं, आणि शेवटीं एका जुन्या वहींत उतरून घेतलीं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "इंजिन मेलं नाही जी साहेब. त्याचा दम गळून राह्यला."

ह्या एका वाक्यानें मी पुष्कळ दिवस विचारांत पडलों.

आमच्या इतिहासग्रंथांत यंत्रें येतात तीं नेहमीं वरातीसारखीं वाजतगाजत. पहिली आगगाडी केव्हां धांवली, पहिली गिरणी कोणीं काढली, ह्या तिथी आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. वरात ओसरल्यावर संसार कसा झाला, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. यंत्र आणणें ही एक घटना आहे. यंत्र चालतें ठेवणें हा रोजचा उद्योग आहे. आणि इतिहासास घटनांची आवड असल्यामुळें उद्योग त्याच्या नजरेंतून सुटतो. परंतु अमुक यंत्र कोणत्या देशाचें, हा प्रश्न खरोखरच विचारावयाचा असेल, तर तें कोठें बनलें एवढें पाहून भागत नाहीं. मोडल्यावर तें कोठें बरें होतें, हें पाहिलें पाहिजे. ज्या गांवीं त्याची दुरुस्ती होते, त्या गांवचें तें झालें. ह्या कसोटीवर आमच्या जुन्या प्रांतांतील ट्रॅक्टराचा इतिहास थोडा तपासून पाहावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम झीज म्हणजे काय तें पाहूं. रूडॉल्फ डिझेल ह्या जर्मन संशोधकानें १८९७ सालीं जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म हें कीं त्यास ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांतील हवा पिस्टनानें १५ ते २० पट लहान जागेंत कोंडावयाची. ती दाबानेंच तापते, आणि तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. म्हणजे ह्या इंजिनाचा सारा प्राण दाबांत आहे, आणि तो दाब राखण्याचें काम पिस्टनाच्या खांचांत बसविलेल्या ओतीव लोखंडाच्या रिंगांचें आहे. पिस्टन मिनिटास हजारावर वेळां खालींवर होतो. सर्वांत वरच्या टोंकाशीं, जेथें उष्णता आणि दाब सर्वांत अधिक, तेथेंच नेमका वंगणाचा पापुद्रा सर्वांत विरळ असतो. म्हणून सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाहीं. वरची रिंग जेथें परत फिरते तेथें तो अधिक झिजतो, आणि तिच्याहि वर, जेथें रिंग पोहोंचतच नाहीं, तेथें मूळच्या मापाचा एक बारीक कंगोरा उरतो. उतावीळ कारागीर हा कंगोरा न काढतां नव्या रिंगा घालतो. नव्या रिंगेचा तीक्ष्ण कांठ त्यावर आदळतो आणि थोड्याच दिवसांत ती तुटते. हा कंगोरा डोळ्यांस क्वचितच दिसतो. नखास मात्र लागतो. मिस्त्रींनीं मापयंत्रापूर्वीं बोट कां फिरविलें होतें, तें मला मागाहून उमजलें.

दाब गळूं लागला कीं इंजिन सकाळीं सुरू व्हावयास कुरकुरतें, धुरास निळसर छटा येते, वंगणाचें तेल जळूं लागतें आणि चढावर ओढ कमी पडते. 'दम गळणें' हा शब्दप्रयोग कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मला आढळलेला नाहीं. पण ह्या अवस्थेस त्याहून नेमका शब्द सुचविणें कठीण आहे.

झिजलेला भाग बदलून औजार जगवावयाचें, ही कल्पना आमच्या शेतकऱ्यास ट्रॅक्टरानें शिकविली असें मात्र नव्हे. लांकडी नांगराला लोखंडी फाळ असे. तो भुईंत झिजे, आणि शेतकरी तो लोहाराकडून शेवटून घेई. म्हणजे झिजलेल्या टोंकास नवें लोखंड लावून तें ठोकून पुन्हां धारेस आणवी. ह्या कामाचे पैसे प्रत्येक वेळीं मोजण्याची चाल नव्हती. लोहार हा बलुतेदार. खळ्यावर धान्य आलें कीं त्याचा वांटा त्यास मिळे. ह्या व्यवस्थेंत जातींची उतरंड होती, आणि बलुतेदारावर अन्याय होण्यास जागा पुष्कळ होती, हें झाकून ठेवण्याचें कारण नाहीं. तथापि तिच्यांत एक शहाणपण होतें: दुरुस्तीची तरतूद मोडण्याच्या आधींच केलेली असे. औजार आणि त्याचा वैद्य एकाच गांवांत नांदत असत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढले तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी भीति शेतकऱ्यांस वाटली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, नांगर गांवोगांव पसरले आणि ती भीति हळूहळू मावळली. तिच्या मावळण्याचीं कारणें अनेक असतील. पण लोखंडी नांगर मोडला तरी तो उघड्या डोळ्यांनीं समजण्यासारखा होता, हें त्यांतलें एक असावें असें मला वाटतें. शेतकरी नव्या वस्तूस भितो असें आपण म्हणतों. वास्तविक तो जिचें दुखणें आपल्यास कळणार नाहीं अशा वस्तूस भितो.

यंत्राचें दुखणें ओळखणारे लोक शहरांत तयार होत होते. नागपूर त्याचें चांगलें उदाहरण आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ सालीं येथें पोहोंचली. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढें मोतीबागेंत अरुंद रुळांच्या गाड्यांचा कारखाना उभा राहिला. यंत्रें विलायतेंतून आलीं, पण बेअरिंग तापून वितळलें म्हणून गिरणीला किंवा गाडीला बोटीची वाट पाहत बसतां येत नाहीं. कथिल, अँटिमनी आणि तांबें ह्यांचा पांढरा मिश्रधातु बेअरिंगांत ओतावयाचा; दांड्यास निळा रंग लावून तो त्यांत फिरवावयाचा; जेथें रंग उमटेल तेवढाच उंचवटा हातानें खरवडावयाचा; आणि रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हें करीत राहावयाचें. हें वाफेच्या युगांतलें ज्ञान हातांतून हातांत जात असे. आज एम्प्रेस मिल उरलेली नाहीं. मोतीबागेंत २००२ पासून अरुंद रुळांच्या गाड्यांचें संग्रहालय आहे आणि तें पाहण्यासारखें आहे. तेथें इंजिनें जपून ठेवलीं आहेत. इंजिनें जगविणारे हात संग्रहालयांत ठेवतां येत नाहींत.

ट्रॅक्टर मात्र शहरांत आला नाहीं. तो रानांत आला, आणि तोहि एका गवतामुळें. नागपूर ही तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. १९५० सालीं त्या प्रांतास मध्यप्रदेश हें नांव मिळालें, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत विदर्भ त्यापासून निराळा होईपर्यंत सागर, दमोह, होशंगाबाद ह्या उत्तरेकडील जिल्ह्यांचीं गाऱ्हाणीं नागपूरच्या कचेऱ्यांत येत असत. त्यांतलें एक जुनें गाऱ्हाणें कांसगवताचें होतें. संस्कृत कवींनीं शरद ऋतूचा शृंगार म्हणून काशपुष्पांस गौरविलें. ज्याच्या शेतांत तीं फुललीं त्यास हें वर्णन वाचवणार नाहीं. १८९० नंतरच्या दशकांत गव्हावरील तांबेरा, अतिवृष्टि आणि मागाहून दुष्काळ ह्यांनीं तिकडील शेतें पडीत पडलीं, आणि पडीत शेतांत हें गवत शिरलें. बैलांचा नांगर त्याचीं मुळें वरच्यावर तोडतो, आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्यास नवा कोंब फुटतो. म्हणजे नांगरट ही त्या गवताची पेरणीच होते. फूटभर किंवा त्याहून खोल नांगरून मुळें उन्हाळ्याच्या उन्हांत उघडीं पाडलीं तरच तीं मरतात. हें काम बैलांच्या आवांक्याबाहेरचें होतें.

दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्करानें येथें मागें ठेवलेले, साखळपट्ट्यांवर चालणारे जड ट्रॅक्टर भारत सरकारनें घेतले, आणि केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापून ते कांसाच्या रानांत उतरविले. म्हणजे ह्या मोहिमेस लाभलेलें सैन्य मुळांतच दुसऱ्या युद्धांतून थकून आलेलें होतें. त्यांत कांसाची नांगरट करावयाची ती भर उन्हाळ्यांत, कोरड्या भुईंत, धुळीच्या लोटांत. इंजिन हवा ओढतें तेव्हां तिच्याबरोबर धूळ ओढतें. ती अडविण्यासाठीं तेलाच्या भांड्याची गाळणी असते, पण गाळणीतलें तेल वेळच्या वेळीं बदललें नाहीं तर बारीक धूळ सिलिंडरांत शिरते आणि वंगणांत मिसळून तेथें घासणीच्या चूर्णाचें काम करते. जें तेल झीज थांबवावयाचें तेंच ती घडवून आणतें. साखळपट्ट्यांच्या खिळ्यांचीहि तीच दशा. शेत सुधारूं लागलें कीं यंत्र झिजूं लागलें, असा तो सौदा होता.

सप्टेंबर १९४९ मध्यें जागतिक बँकेनें भारतास शेतीच्या यंत्रांसाठीं १ कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. त्या बँकेकडून भारतास मिळालेलें हें दुसरें कर्ज. पहिलें त्याच वर्षीं रेल्वेसाठीं मिळालें होतें. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रास एका गवतापायीं परदेशीं कर्ज काढावें लागावें, हें वाचून आज नवल वाटतें. पण अन्नधान्याच्या टंचाईचे ते दिवस होते. त्या पैशांतून नवे जड ट्रॅक्टर आले आणि पुढील वर्षांत लक्षावधि एकर जमीन मोकळी झाली. हें श्रेय त्या मोहिमेस दिलेंच पाहिजे. परंतु यंत्र चालविणारा आणि यंत्र जगविणारा माणूस शिकवून तयार करण्यासाठीं नर्मदाकांठीं बुधनी येथें ट्रॅक्टर-शिक्षणाचें केंद्र निघालें तें १९५५ सालीं. यंत्रांमागून कित्येक वर्षांनीं हातांची आठवण झाली, असें म्हटलें तर फारसा अन्याय होणार नाहीं.

सुट्या भागांची अडचण तर निराळीच होती. इंग्रजी यंत्राचे आटे व्हिटवर्थ ह्यानें १८४१ सालीं घालून दिलेल्या मापाचे. अमेरिकन यंत्राचे आटे दुसऱ्या मापाचे. युरोपांतील यंत्रें मीटरच्या मापाचीं. युद्धांत ह्या भेदामुळें इतका घोटाळा झाला कीं १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ह्यांना एकत्र बसून सामाईक आटे ठरवावे लागले. आमच्याकडे तिन्ही देशांची यंत्रें एकाच अंगणांत उभीं राहत, आणि मिस्त्रीस पान्ह्यांचे तीन संच बाळगावे लागत. १९५७-५८ च्या सुमारास परकीय चलनाचा तुटवडा पडला. परदेशांतून माल आणण्याचे परवाने आंवळले गेले. एक रिंग, एक व्हॉल्व्ह किंवा एक साधें बेअरिंग नसलें कीं अख्खा ट्रॅक्टर झाडाखालीं उभा. अशा वेळीं जुन्या नागपुरी विद्येचा उपयोग होता. लेथवर कातून घेतलेली बाही, हातानें ओतलेलें बेअरिंग, एका मेलेल्या ट्रॅक्टराचे अवयव काढून उठविलेला दुसरा: ह्या गोष्टी कोणत्याहि पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यांत शोभत नाहींत, पण शेत त्यांच्यावरच नांगरलें जातें.

पुढें ट्रॅक्टर देशांतच होऊं लागले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली होती आणि विहिरींवरील पंपांच्या डिझेल इंजिनांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांत डिझेलची ओळख करून दिली होती. १९५९ सालीं आयशर कंपनीनें फरिदाबाद येथें भारतांत बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. १९६३ सालीं महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्यांनीं मिळून मुंबईंत जी कंपनी स्थापली, तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर. माझ्या यजमानांच्या पडवींतला तोच. त्याची रचना त्या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश शाखेची. नांवांतलें 'बी' हें अक्षर तेवढें सांगतें.

ह्या जातीच्या इंजिनांत एक व्यवस्था असते, ती मला मिस्त्रींनीं समजावून दिली, आणि ह्या सर्व प्रकरणांत मला तीच सर्वांत विचार करण्यासारखी वाटली. क्रँकचा दांडा झिजून अंडाकृति झाला तर तो यंत्रावर घासून पुन्हां गोल करतात. असा दांडा अर्थात् पहिल्याहून बारीक होतो. म्हणून बेअरिंगाचे तुकडे मूळ मापाचेच न बनवतां, इंचाच्या हजाराव्या भागाचे १०, २०, ३० असे लहान होत गेलेल्या दांड्यांसाठीं अधिकाधिक जाड बनवलेले असतात. सिलिंडर मोठा झाला तर त्याची बाही बदलावी, किंवा तो कातून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा. म्हणजे हें इंजिन झिजेल, किती पायऱ्यांनीं झिजेल, आणि प्रत्येक पायरीवर काय करावयाचें, ह्याचा विचार तें जन्मण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो. बलुतेदारींत जी तरतूद समाजानें केली होती, ती येथें धातूंत केलेली आहे. गीतेनें देहास वस्त्राची उपमा दिली. जुनें टाकून नवें घ्यावें. ह्या यंत्रशास्त्रज्ञांची दृष्टि त्याहून संसारी आहे: वस्त्र शिवतांनाच त्यांनीं पुढें उसवण्यासाठीं शिवणींत कापड दाबून ठेवलें आहे.

आजच्या ट्रॅक्टराचा कारखाना नागपुराजवळ हिंगण्यासच आहे. ज्या शहरास सुट्या भागांसाठीं बोटीची वाट पाहावी लागे, तें आतां ट्रॅक्टर बाहेर पाठवितें. तरीहि माझ्या कसोटीचें उत्तर पूर्वीइतकें सोपें राहिलेलें नाहीं. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, आणि ते पाळण्यासाठीं तेलाचा फवारा आतां विजेच्या सूक्ष्म यंत्रणेच्या हुकुमानें उडतो. धूर कमी झाला हें चांगलेंच झालें. जो धूर मिस्त्रींनीं पन्नास वर्षें गिळला त्याची थोरवी मी गाणार नाहीं. परंतु अशा इंजिनाचें दुखणें नखास लागत नाहीं. तें संगणक लावून विचारावें लागतें, आणि तो संगणक व त्याची किल्ली कोणाच्या हातीं, ह्यावर यंत्राची मालकी ठरते. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली आणि तिच्या विषयांत शेतीचीं औजारें घातलीं, ती ह्याच जाणिवेनें. शेतकऱ्यास यंत्र विकत मिळतें. त्याबरोबर तें उघडण्याचा अधिकार आणि उघडणारा माणूस मिळाला नाहीं, तर कांसाच्या रानांतील उभे ट्रॅक्टर पुन्हां पाहावे लागतील, फक्त त्यांचा रंग नवा असेल.

मिस्त्रींचा निकाल आजीच्या बाजूनें लागला. क्रँक घासण्यास नागपुरास गेला. चारहि बाह्या, पिस्टन आणि रिंगा नव्या घालावयाचें ठरलें. जुन्या बाह्या काढण्यापूर्वीं मिस्त्रींनीं भंगारपक्षीय मुलास जवळ बोलाविलें, त्याचें बोट धरून सिलिंडरांत फिरविलें आणि विचारलें, "लागलं?" मुलगा थोडा वेळ थांबून म्हणाला, "हो, लागलं." एवढेंच संभाषण झालें. ट्रॅक्टर पुढच्या महिन्यांत सुरू झाला, आणि मुलगा सध्यां नव्या ट्रॅक्टराची गोष्ट काढीत नाहीं, असें यजमानांचें पत्र आहे. त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, तें इतक्या थोड्या पुराव्यावर मी सांगणार नाहीं.

माझें लक्ष मात्र त्या वहीवर खिळलें होतें. तींत चाळीसांहून अधिक वर्षांचीं मापें होतीं: कोणत्या गांवचा ट्रॅक्टर, कोणतें इंजिन, कोठें किती झीज, कोणता भाग घातला, आणि तो कोठून मिळाला. काळ्या मातीच्या गांवांतलीं इंजिनें कशीं झिजलीं आणि मुरमाड गांवांतलीं कशीं, टंचाईच्या सालीं काय कातून बसवावें लागलें, हें सारें त्या पेन्सिलीच्या आंकड्यांत होतें. विदर्भांतल्या शेतीची अशी बखर कोणत्याहि दप्तरखान्यांत मला मिळाली नव्हती. मीं तिची नक्कल करून घेण्याची परवानगी मागितली. त्यांनीं ती लगेच दिली, पण दिली ती हंसत.

"घ्या की साहेब, पण वही वाचून इंजिन बांधता येत नाही जी. माझ्या हाताखाली आता कोणी नाही. तुमच्या कालेजातलं एखादं पोरगं पाठवा. दोन वर्सं राहू द्या."

मीं कबूल केलें. त्यानंतर अनेक विद्यार्थ्यांस विचारून पाहिलें. अद्याप कोणी गेलेला नाहीं. वहीची नक्कल माझ्या टेबलावर आहे.